केण्यांचं नाक

समिधाचं लग्न ठरलं ते दोन हजार चोवीस साली. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात कळव्याची माणसं येऊन सुपारी फोडून गेली, मुहूर्त डिसेंबरातला निघाला, आणि डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीच्या अंगाला राहणाऱ्या केण्यांच्या घरात पहिला वाद पेटला तो पत्रिकेवरून. मुलीच्या बापाच्या नावाआधी काय छापायचं? श्री. की कै.?

बाप म्हणजे विश्राम. समिधा तिसरीत होती तेव्हा एका सकाळी तो कल्याणला पत्रे बघून येतो म्हणून निघाला. गोठ्यावरचे पत्रे गळायला लागले होते. गेला तो गेलाच. पोलिसांत वर्दी दिली, नातेवाईक पालथे घातले, देवऋषी झाले. गोठा पडला, त्या जागी सात मजली बिल्डिंग आली, त्यात केण्यांना घरं मिळाली, आणि विश्रामचा काही पत्ता लागला नाही. बारा वर्षं झाली तेव्हा भावकीतले जाणते घरी आले. ज्याचा ठावठिकाणा बारा वर्षं नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, तो जाळायचा, दहावं-बारावं करायचं, ही रीत. माणूस खरा कधी गेला ते देवाला माहीत, घराला पुतळ्याचा दिवस पुरतो. विश्रामची बायको कलावती तेव्हा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मना आधी तो दाखवा, मग जाळा." जाणते चहा न घेता उठले. पुतळा राहून गेला.

तेव्हापासून कलावती गावात अर्धी सवाष्ण होऊन राहिली. कपाळाला कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र सगळं होतं. पण हळदीकुंकवाला काही घरांत तिची ओटी भरत, आणि काही घरांत तिला नुसता चहा देत. कुठल्या घरात काय मिळणार हे तिला जिना चढतानाच कळायचं. ती ते मनाला लावून घ्यायची नाही, निदान तसं दाखवायची नाही. मात्र बसून राहणं तिला कधी जमलं नाही. झाडलेली खोली पुन्हा झाडायची, वाळलेले कपडे उलटवून पुन्हा वाळत घालायची. समिधा म्हणायची, आई, तुझ्या पायाला भिंगरी आहे. कलावती म्हणायची, भिंगरी तुझ्या बापाच्या पायाला होती, मी आपली घरातल्या घरात फिरते.

पत्रिकेतल्या दोन अक्षरांवर एवढं अडायचं कारण घाणा. हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधतात, सवाष्णी मिळून त्यांनी हळद कांडतात, आणि पहिला हात नवरीच्या आईचा लागतो. धवलारीण बाजूला बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, त्यांत घरातल्या माणसांची नावं येतात. विधवा आई असेल तर ती भिंतीला टेकून बघत राहते आणि तिच्या जागी कुणी चुलती मुसळ धरते. कलावतीनं या वीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. हे मुसळ मात्र तिला पाहिजे होतं.

समिधा डोंबिवलीत एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, कै. छापा, श्री. छापा, नाहीतर काहीच छापू नका, पण मुसळ आईच धरणार, कोण अडवतं बघते मी.

"तुझ्या दांडगाईनं मिळालेलं मुसळ मना नको," कलावती म्हणाली. "मिळायचं तर सरळ मिळू दे."

विश्रामचा मोठा भाऊ शिवराम घरातला कर्ता. मनानं चांगला, पण लोक काय म्हणतील याच्या धाकातला. त्याचं म्हणणं, दसरा झाला की पुतळा उरकून घेऊ, लग्नाच्या आधी सगळं स्वच्छ होऊ दे, कळव्याच्या लोकांना पण विचारायला जागा नको. शेवटी कलावतीकडे बघून तो एवढंच म्हणाला की छापखान्याला मजकूर दिवाळीच्या आत द्यायचा आहे, तोपर्यंत विचार कर.

नवरात्रात शिवरामचा मुलगा दिपेश तिला टेंभी नाक्याच्या देवीला घेऊन गेला. माणकोलीचा नवा पूल झाल्यापासून मोटारसायकलवर ठाणं जवळ आलं होतं. दर्शन झालं, ओटी भरली, आणि गर्दीतून बाहेर पडताना कलावती जागच्या जागी थांबली. समोरून एक माणूस आडवा चालला होता. पाठमोरा म्हणावा तर नाही, समोरून म्हणावा तर नाही. पण चाल. डावा खांदा पुढे काढून, जणू दार ढकलत चालल्यासारखी. विश्राम तरणेपणी मिठागरात कावड वाहायचा, तेव्हापासून तो असाच चालायचा, रिकाम्या हातानंसुद्धा.

तिनं दिपेशचा दंड धरला. "फोटो काढ. त्याचा काढ, त्या माणसाचा."

दिपेशनं खिशातून फोन काढला, माणसं चुकवत धावला, धावता धावता बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत मध्ये ढोल-ताशावाले आले. ते गेले तेव्हा माणूस नव्हता. दोघांनी सगळा नाका पालथा घातला, नौपाड्याकडे जाऊन पुन्हा नाक्यावर आली. कलावतीच्या चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल हातात घेऊन चालली.

फोटोत काय होतं? मांडवाचे दिवे लांब ओढले जाऊन पिवळ्या शेवयांसारखे झालेले. मध्ये एक माणूस, त्याचं डोकं दोन जागी, खांदा कुठं संपतो ते कळत नाही, हातात काहीतरी पांढरं घासत गेलेलं, आणि तोंडाच्या जागी ओल्या भिंतीवर बोट फिरवावं तसा गव्हाळ पट्टा.

"काकी, हललाय," दिपेश म्हणाला. "तो पण चालत होता, मी पण पळत होतो, वर उजेड कमी. पण टेन्शन नको घेऊ. हेच तर माझं काम आहे."

दिपेश वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत होता. सोसायटीच्या फाटकावर कॅमेरे बसवतात ना, गाडी भरकन आत शिरली तरी तिचा नंबर वाचता यावा, त्याचा प्रोग्राम ही पोरं बनवायची. कलावतीला त्यानं घरी येऊन समजावलं. आधी हजारो स्वच्छ फोटो घ्यायचे. ते मुद्दाम हलवायचे, फासटायचे. मग यंत्राला दोन्ही दाखवायचे, हा हललेला, हा सरळ. पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. असं लाखभर वेळा बघून यंत्र आपलं आपण शिकतं की हललेल्यातून सरळ कसं काढायचं. पूर्वी यासाठी मोठाली यंत्रं लागायची आणि एका फोटोला चहा होईस्तोवर वेळ जायचा. यांनी ते एवढं हलकं केलं होतं की साध्या फोनवर पापणी मिटायच्या आत व्हायचं. हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता.

"म्हणजे पुसलेलं परत येतं?" कलावतीनं विचारलं.

"येतं म्हणजे... असं समज, काय असेल ते त्याला कळतं."

पहिल्या खेपेला जो माणूस निघाला तो कुणीच नव्हता. गुळगुळीत गाल, सारखे डोळे, ओठ रबराचे. कापडाच्या दुकानात उभा करतात तसला. शिवराम चष्मा लावून बघत राहिला आणि म्हणाला, हा तर विमा विकणारा वाटतो. कलावती उठून गॅलरीत गेली, परत आली, पुन्हा गेली.

दिपेश हिरमुसला, पण कारण त्याला ठाऊक होतं. हे यंत्र शिकलं होतं परक्या माणसांवर, दूर देशांतल्या गोऱ्यागोमट्या तोंडांवर. आपली माणसं त्यानं बघितलेलीच नव्हती. मग आपली दाखवू, तो म्हणाला. घरातले असतील नसतील ते फोटो काढा.

आणि केण्यांच्या घरात फोटोंचा ढीग पडला. लग्नांचे अल्बम निघाले, शाळेची ओळखपत्रं निघाली, शिवरामच्या बापाचा काळुरामचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवला. निवडायला शिवराम स्वतः बसला. त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. विश्रामला ओळखायचं तर केण्यांच्या रक्ताचे चेहरे पाहिजेत, काळुरामचे, शिवरामचे, विश्रामचे तरुणपणचे, आत्याचे, दिपेशचे, समिधाचे. त्यानं एकेक फोटो उचलला आणि सुना बाजूला काढल्या. यांचा काय संबंध, त्या बाहेरून आलेल्या. खरंच केण्यांचं नाक सगळ्या पंचक्रोशीत माहीत होतं. मधे उंचवटा आणि टोक जरा डावीकडे कललेलं. समिधालाही ते आलं होतं आणि त्यावरून ती सतरा वेळा आरशाशी भांडली होती. कलावतीचं नाक बसकं, माहेरचं, भिवंडीकडच्या भगतांचं. तिचे फोटो बाजूच्या गठ्ठ्यात गेले, सगळ्या सुनांबरोबर.

दिपेशनं शनिवार-रविवार ऑफिसात काढला. सोमवारी संध्याकाळी घरी आला तो जिन्यातूनच हाका मारत.

फोनवर विश्राम होता. म्हातारा झालेला, गाल आत गेलेले, भुवया पांढऱ्या, पण विश्राम. मधे उंच, टोकाला डावीकडे कललेलं नाक. काळुरामच्या फोटोशेजारी फोन धरला तर बापलेक समोरासमोर. शिवराम खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला. त्याची बायको देवापुढे साखर ठेवायला पळाली. समिधानं फोन हातात घेतला, म्हणाली, "माझ्यासारखाच आहे नाकाने," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

कलावतीनं बघितलं. एवढी वर्षं तिनं जो धरून ठेवला होता तो जिवंत होता, ठाण्यात चालत होता, तिच्यापासून दहा पावलांवरून गेला होता. तिनं फोन परत दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शिवरामनं छापखान्यात मजकूर दिला. श्री. विश्राम काळुराम केणे. भावकीतल्या जाणत्यांच्या घरी तो स्वतः फोन घेऊन फिरून आला. ज्या घरांत चहा मिळायचा त्या घरांतून कलावतीला दिवाळीच्या फराळाची ताटं आली. गावच्या ग्रुपवर विश्रामचा फोटो फिरला, खाली हात जोडलेले, फुलं, दिवे. सगळे म्हणत, आता तो स्वतःच येईल, पोरीचं लग्न कळलं की राहणार आहे काय.

कलावतीला मात्र चैन पडेना. तो यायचा असता तर वीस वर्षांत आला असता. आपण गेलं पाहिजे. दिपेशनं तो चेहरा मोठा छापून प्लास्टिकमध्ये घालून दिला, आणि ती एकटी ठाण्याला जायला लागली. टेंभी नाका, जांभळी नाका, स्टेशनच्या दोन्ही बाजू. चहाच्या टपऱ्या, हमालांचे अड्डे, देवळाच्या पायऱ्या. याला बघितलंय का, याला बघितलंय का. लोक चेहरा नीट बघायचे, कुणी चष्मा लावून बघायचा, आणि मान हलवायचे. एवढा स्वच्छ फोटो आणि कुणाच्याच ओळखीचा नाही. रोज परत येताना ती तो फोटो बघायची. रोज तो थोडा जास्त ओळखीचा वाटायचा, आणि तेच तिला खुपायचं, का ते तिला सांगता येत नव्हतं.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. टेंभी नाक्याच्या कोपऱ्यावर एक गजरेवाली बसायची, तिनंही चेहरा बघून नाही म्हटलं. मग गजरा ओवता ओवता विचारलं, तुला कुठं दिसला? कलावतीनं फोन काढून मूळचा फोटो दाखवला, तो फासटलेला, फक्त जागा कळावी म्हणून.

गजरेवालीचा हात थांबला. "अगं, हा प्रेम. पापडवाला."

कलावती म्हणाली, यात तर तोंडच नाही.

"तोंड कशाला पाहिजे? कसा तिरका सुटलाय बघ, एक खांदा पुढं, हातात पांढरी गोणी. रोज जातो इथून. कोपरीत राहतो, सिंधी लोकांच्या चाळीत."

कलावती कोपरीत गेली. विचारत विचारत गेली, फार विचारावं लागलं नाही. एका घरासमोर खाटेवर पापड वाळत होते आणि एक माणूस त्यांवरचे कावळे हाकत होता. साठीचा, गोल तोंडाचा, चपट्या नाकाचा, दाट मिशीचा. तो उठून दुसऱ्या खाटेकडे चालला आणि त्याचा डावा खांदा पुढे झाला.

कलावती फाटकाला धरून उभी राहिली. प्रेमनं विचारलं, मावशी, पापड पाहिजेत का, लसूणवाले संपलेत. तिनं नको म्हटलं आणि फोन पुढे केला. हा तुम्ही का?

त्यानं फोन लांब धरून बघितला. सदरा ओळखला, गोणी ओळखली. "मीच आहे. काय केलंय मी?"

"काही नाय केलं. माझा नवरा असा चालायचा."

"मग तोही ओझंच उचलत असणार. चाळीस वर्षं पापडाची गोणी वाहिली की माणूस सरळ चालूच शकत नाही." तो हसला, पण तिचं तोंड बघून थांबला. "सापडत नाही का?"

"मिठागरात होता," कलावती म्हणाली. प्रेमच्या बायकोनं पाणी दिलं आणि पिशवीत पापड घालून दिले, पैसे घेतले नाहीत. कलावतीनं तो प्लास्टिकमधला चेहरा त्यांना दाखवलाच नाही. तो पदराखाली धरून ती परत निघाली.

दिपेश कामावरून आला तसा त्याला तिनं गच्चीवर नेलं आणि विचारलं, यात माझा फोटो घालता येतो का? हललेला. तो चक्रावला. तिनं भगभग चालत जाऊन दाखवलं, त्यानं हात हलवत फोटो काढला. तोंडाच्या जागी पट्टा आला. आता सरळ कर, ती म्हणाली.

दिपेशनं बोट दाबलं. पापणी मिटायच्या आत एक बाई समोर आली. साडी कलावतीची, कुंकू कलावतीचं, केसही तिचेच. आणि मधोमध उंच, टोकाला डावीकडे कललेलं नाक. काळुरामची बहीण शोभली असती.

दोघं बघत राहिली. कलावतीला हसू फुटलं, आणि ते हसू तिला लवकर आवरेना.

"तीस वर्षं या घरात राबले, सासूनं किती जीव तोडला, तरी मी भगतांचीच राहिले," ती म्हणाली. "तुझ्या यंत्रानं एका फटक्यात केणे केली. माझं माहेर पुसलं की रे."

दिपेश हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं फोनमधले आणखी दोन-तीन हललेले फोटो सरळ करून बघितले, ऑफिसच्या वॉचमनचा, कुठल्याशा मित्राचा. सगळे केणे झाले. तो टाकीच्या कट्ट्यावर बसला. "आपण त्याला दुसरं काही दाखवलंच नाही, काकी. त्याला वाटतं जगात एवढंच एक घर आहे. फोटो पुरेसे नव्हते, मी घाई केली, मला कळायला पाहिजे होतं. साला, हेच माझं काम आहे." मग तो उठला, आत्ता खाली जाऊन सांगतो म्हणाला, सगळ्यांना सांगतो, ग्रुपवर टाकतो.

कलावतीनं त्याला थांबवलं. सांगायचं ते मी सांगीन, ती म्हणाली, आणि आधी तुझ्या बापाला.

शिवरामला पटेना. तो पापडवाला कुणी का असेना, पण हा चेहरा विश्रामचाच आहे, मी भावाला ओळखत नाही काय. कलावतीनं त्याच्यासमोर आपला नवा चेहरा धरला. तो बघत राहिला, एकदा फोनकडे, एकदा तिच्याकडे. फोन बाजूला ठेवून त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हळदीला चार दिवस उरले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडवाचे बांबू खाली येऊन पडले होते.

"आता मी लोकांना काय सांगू?" तो म्हणाला.

"जे खरं हाय ते. तो हाय की नाय ते आपल्याला कवाच माहीत नव्हतं, आजपण माहीत नाय. फोटोच्या आधी होतो तिथंच आलो, भावजी."

"आणि मुसळ?"

कलावती उभीच होती, बसली नव्हती. जाताना म्हणाली, कुणी विचारलं तर खोटं बोलू नका, नाही विचारलं तर तुमचं तुम्ही बघा.

शिवरामनं न विचारता सांगितलं. जाणत्यांच्या घरी जसा फोटो घेऊन गेला होता तसाच पुन्हा गेला आणि तो आमचा नव्हे म्हणून सांगून आला. त्याच्या जन्मात त्यानं एवढं अवघड काम केलं नव्हतं. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. फराळाचं ताट पाठवणाऱ्या एका घरानं ताट परत मागवून घेतलं. समिधानं ते स्वतः नेऊन दिलं, घासूनपुसून, आणि वरून म्हणाली की चकल्या खवट होत्या.

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात बायका जमल्या, दोन मुसळं बांधून झाली, हळद पाटावर आली. धवलारीण आवडाबाई, पंच्याहत्तरीची, डोळ्यांनी अधू, आवाजानं खणखणीत, तिच्या हातून या गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं लागली होती. ती पाय पसरून बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कलावती, इकडं ये. मना धवल्यात नाव घ्यायचं हाय. तुझा धनी हाय का नाय, ते तू सांग. फोटो मना दिसत नाय, आनी दिसला तरी मी फोटोला विचारनार नाय."

कलावतीच्या चुलत जावेनं, जी जागा मिळायची वाट बघत मुसळाजवळ उभी होती, पदर सारखा केला. शिवराम बाहेर खांबाला धरून उभा होता.

"तो फोटो त्याचा नव्हता," कलावती म्हणाली. "पन माझी पोर अजून घरात हाय, तवर तो पन हाय. आज हाय. ती सासरी गेली की मी सांगीन."

"मग धर मुसळ," आवडाबाई म्हणाली, आणि वाट न बघता गायला सुरुवात केली. धवल्यात विश्रामचं नाव आलं, नंतर कलावतीचं. कलावतीनं दोन्ही हातांनी मुसळ उचललं. जड होतं. खाली आलं तेव्हा हळद उडून तिच्या तोंडावर बसली. चुलत जाऊ थोडी थांबली, मग तिनंही हात लावला. भिंतीकडच्या दोन म्हाताऱ्या आपसांत काही पुटपुटल्या, आवडाबाईच्या आवाजात ते बुडून गेलं.

लग्न झालं. समिधा रडत नाही रडत करत कळव्याला गेली, गाडीत बसता बसता आईला म्हणाली, आता तरी जरा बस. पाचपरतावण झालं, मांडव उतरला.

मग एका सकाळी कलावती शिवरामच्या दारात आली आणि म्हणाली की येत्या अमावास्येला पुतळा करा.

शिवराम दाढी करत होता, तोंडाला साबण तसाच. तो म्हणाला, तूच ना म्हणायचीस, आधी दाखवा मग जाळा? तो फोटो खोटा निघाला म्हणून विश्राम मेला असं कुठं होतं? आता घाई कसली, लग्न तर झालं, कुणी विचारत नाही.

कलावती पहिल्यांदाच त्याच्या घरात खुर्चीवर बसली.

"भावजी, वीस वर्षं मी डोळे मिटले की तो दिसायचा. पत्रे बघायला निघाला तेव्हाचा, चौतीस वर्षांचा, निळा सदरा. एकदा पन चुकला नाय. आता मिटते तर तो फोटोतला येतो. म्हातारा, स्वच्छ. मी त्याला सारते, तरी तोच येतो. माझ्याकडं जो होता तो ह्या महिन्यात गेला. तुमच्याकडं कुठं असेल तर सांगा."

साबण पुसून शिवराम भटजींना फोन लावायला उठला.

पळसाची पानं मुरबाडकडून आणली. खाडीकाठच्या स्मशानात शिवरामनं अग्नी दिला, कारण मुलगा नव्हता, आणि समिधा कळव्याहून येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. कलावतीनं घरी बांगड्या फोडू दिल्या नाहीत. त्या तिनं स्वतः एकेक करून काढल्या.

विश्राम काळुराम केणे, डोंबिवली, सोमवारी तीस डिसेंबर दोन हजार चोवीस रोजी, मार्गशीर्ष अमावास्येला वारला.